पागेतून आलेली कुपी : हाफकिन आणि महाड-पोलादपूर

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत गेल्या दोन-तीन पिढ्यांत ज्यांना नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावलं आणि जे वेळेत दवाखान्यात पोचून वाचले, त्यांपैकी बहुतेकांच्या अंगात कोणत्या तरी घोड्याच्या रक्ताचा अंश गेलेला आहे. आपल्याकडे त्याला ‘सापाची लस’ म्हणतात, डॉक्टर प्रतिविष म्हणतात. कुपीवर कारखान्याचं नाव असतं, तारीख असते, किंमत असते. घोड्याचं नाव नसतं. हाफकिन संस्थेचा इतिहास अनेकदा लिहिला गेला आहे आणि तो प्लेगपासून सुरू होतो, ते योग्यच आहे. या स्मरणिकेसाठी लिहिताना मला मात्र तो पागेच्या दारातून सांगावासा वाटतो, कारण सावित्री नदीच्या या खोऱ्यातल्या माणसांशी या संस्थेचं जे नातं जुळलं, ते प्रामुख्याने घोड्यांमुळे.

आधी थोडक्यात संस्थेची कुळकथा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले आणि तेव्हा हिंदुस्थानात पटकीची लस टोचत फिरणारे वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. १९०६ मध्ये तिचं नाव ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ झालं आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर उत्पादन आणि संशोधन वेगळं करण्यात आलं. लशी व औषधं बनवण्याचं काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेलं, तर प्रशिक्षण, संशोधन व चाचणीचं काम मूळ संस्थेकडे राहिलं. महामंडळाचा रक्तजल विभाग पुण्याजवळ पिंपरीला. तिथेच घोडे.

या कामाला घोडाच का लागतो, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं की, धनुर्वाताचं किंवा घटसर्पाचं विष थोडं थोडं टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारं काहीतरी तयार होतं आणि त्या प्राण्याचं रक्तजल (सीरम) दुसऱ्याला दिलं तर त्याचंही रक्षण होतं. बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. १८९४ मध्ये पॅरिसमध्ये एमिल रू यांनी घोड्यांच्या रक्तजलाने घटसर्पाची शेकडो मुलं वाचवली. त्याच सुमारास आल्बेर काल्मेत यांनी हीच युक्ती सापाच्या विषाला लावली. सायगावात असताना नागदंशाने माणसं मरताना त्यांनी पाहिली होती.

म्हणजे मुळात ही शिकण्याची गोष्ट आहे. घोड्याचं शरीर विष शिकतं. पहिला धडा अगदी लहान, मारक मात्रेच्या कितीतरी खालचा. काही दिवसांनी थोडा मोठा, मग त्याहून मोठा. काही महिन्यांनी तो घोडा इतकं विष पचवतो की तेवढ्याने पहिल्या दिवशी त्याचा जीव गेला असता. त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं हे त्या शिक्षणाचं फळ. ते फळ काढून, शुद्ध करून, गोठवून, सुकवून आपण कुपीत भरतो आणि वरंध किंवा कापड्याच्या शेतकऱ्याच्या शिरेत सोडतो. त्या माणसाच्या शरीराला स्वतः शिकायला वेळ नसतो. घोड्याने आधीच शिकून ठेवलेलं त्याला उसनं मिळतं.

घोडा मोठा, त्यामुळे रक्त भरपूर. तो माणसाळलेला, हाताळता येतो, ठरलेल्या वेळेला ठरलेल्या जागी उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका वेळी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १३ ते १५ मिलिलिटर रक्त काढता येतं. चारशे किलोच्या घोड्यामागे हे पाच-सहा लिटर होतं. मानेच्या मोठ्या शिरेतून रक्त काढतात, त्यातला पिवळसर द्रव वेगळा करतात आणि लाल पेशी घोड्याला परत देण्याची पद्धत आहे. पेशी परत मिळाल्या की घोड्याला अशक्तपणा कमी येतो. पुढे त्या द्रवावर पेप्सिनची प्रक्रिया होते, नको असलेली प्रथिनं बाजूला काढली जातात, कारण माणसाच्या शरीराला घोड्याची प्रथिनं परकी असतात आणि ती खटकली तर रुग्णाला पुरळ, थंडी-ताप, क्वचित जीवघेणी ॲलर्जीची प्रतिक्रियाही होते. म्हणून प्रतिविष देताना डॉक्टर शेजारी ॲड्रिनालीनची सुई भरून ठेवतात.

हे सगळं तंत्र कागदावर मांडता येतं. पागेतलं काम मात्र मोतद्दाराच्या हातात असतं. सकाळची चंदी, पाणी, खरारा, खुरांमधली माती काढणं, टोचलेल्या जागेवर हात फिरवून सूज किंवा गळू आहे का ते पाहणं. घोडा आजारी पडला की पहिली खबर प्रयोगशाळेतून येत नाही. कालपर्यंत तोबरा रिकामा करणारा घोडा आज चंदी अर्धी ठेवतो, कान मागे टाकतो, एक पाय सैल सोडून उभा राहतो, आणि हे मोतद्दाराला आधी दिसतं. सुईचा दिवस कोणता, हे घोड्यालाही कळतं. अनोळखी माणसाने शीर धरली तर मान वर फेकणारा घोडा रोजच्या हाताखाली शांत राहतो. चांगल्या प्रतिविषाची सुरुवात या विश्वासापासून होते असं मी म्हणतो, आणि ते भावनेच्या भरात म्हणत नाही. घाबरलेल्या, खंगलेल्या जनावराकडून चांगलं रक्तजल मिळत नाही.

घोड्याच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, याचा धडा जगाला १९०१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराने दिला. जिम नावाचा घोडा आधी दुधाची गाडी ओढायचा, नंतर घटसर्पाचं रक्तजल देऊ लागला. त्याला धनुर्वात झाला, त्याला मारण्यात आलं, पण त्या आजाराच्या काळात काढलेलं रक्तजल वापरलं गेलं आणि १३ मुलं धनुर्वाताने दगावली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लशी आणि रक्तजलांच्या उत्पादनावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. रक्तजल बनवणाऱ्या प्रत्येक संस्थेत घोड्याची स्वतंत्र नोंद ठेवण्याची जी शिस्त आज आहे, तिच्यामागे अशा घटना आहेत.

हाफकिनमध्ये सापांचा अभ्यास आणि प्रतिविषाचं उत्पादन पुढच्या काळात वाढत गेलं. पु. ज. देवरस यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. हाफकिनमध्ये त्यांनी सर्प आणि विंचू यांच्या विषांवर दीर्घकाळ काम केलं आणि नॅशनल बुक ट्रस्टसाठी लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाने सर्वसामान्य वाचकाला भारतातल्या सापांची ओळख करून दिली. भारतातलं प्रतिविष चार सापांच्या विषांवर चालतं, म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. कोकणात फुरशाचं प्रमाण फार. दगडी गडगे, कातळ, करवंदाच्या जाळ्या हे त्याचं घर. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं. अशा रुग्णाला झाडपाल्याच्या भरवशावर ठेवलं की तो गेलाच म्हणून समजा, आणि वीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या वाड्या-वस्त्यांवरून डोलीत घालून आणलेल्या किती माणसांच्या बाबतीत असं झालं, याचा हिशेब कुठेच नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सापाची नाही, विंचवाची आहे, आणि ती आपल्याच मातीत घडली.

१९७६ मध्ये जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातला एक तरुण डॉक्टर, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर. त्यांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मचरित्र अनेकांनी वाचलेलं असेल. बिरवाडीत त्यांच्यासमोर लाल विंचू चावलेले रुग्ण येऊ लागले. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण मारतो तो हा लहानसा लाल. भाताचा पेंढा हलवताना, सरपण काढताना, रात्री चपलेत पाय घालताना तो चावतो. त्या काळी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के मरत. त्यात मुलं फार.

बावस्करांनी केलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे रुग्णाच्या उशाशी बसून राहणं. ईसीजी नाही, क्ष-किरण नाही, तज्ज्ञ नाही. हातात स्टेथोस्कोप, रक्तदाबाचं यंत्र आणि घड्याळ. रात्रभर नाडी मोजत, घाम, उलट्या, हातापायांचा गारवा टिपत त्यांनी हा आजार पायरीपायरीने समजून घेतला. जागेवर भयंकर कळ येऊन माणूस ओरडतोय, पण अंग कोरडं आहे आणि हातपाय ऊबदार आहेत, तर तो बहुधा सुखरूप. उलट कळ फारशी नाही, पण अंग घामाने भिजलंय, उलट्या होतायत आणि हातपाय बर्फासारखे गार पडलेत, तर पुढच्या काही तासांत त्याच्या छातीत पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस येऊ शकतो. घरच्यांना ओरडणारा रुग्ण जास्त धोक्यात वाटायचा, आणि बरोबर उलट होतं. ही निरीक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. महाड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातून सुरू झालेला अभ्यास लंडनच्या त्या नियतकालिकात पोचला, ही या भागाच्या इतिहासातली मोठी नोंद आहे आणि ती आपण पुरेशी मिरवत नाही, अशी माझी तक्रार आहे.

विषाने शरीरातल्या ॲड्रिनालीनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या ताणाखाली दमतं, हे लक्षात आल्यावर उपाय म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणं. पुण्यात एम.डी. करून बावस्कर पुन्हा याच भागात परतले आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात काम करू लागले. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. १९८६ मध्ये त्याचा अहवाल पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आला. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं, उठून बसू द्यायचं नाही, नाहीतर रक्तदाब एकदम उतरतो. लहान मुलाला आईच्या कडेवर उचलून घेण्याचीही बंदी. या शिस्तीनिशी ही स्वस्त गोळी दिली जाऊ लागली आणि ३० टक्क्यांवरचं मृत्युप्रमाण सुमारे एका टक्क्यावर आलं. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

इथपर्यंतच्या कहाणीत घोडा नाही. विंचवावरचं प्रतिविष, म्हणजे लाल विंचवाचं विष शिकलेल्या घोड्यांचं रक्तजल, हाफकिनने तयार केलं होतं, पण त्याच्या उपयोगाबद्दल डॉक्टरांमध्ये दीर्घकाळ मतभेद होते. जगभरच होते. ट्युनिशियात १९९९ मध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत विंचवाच्या प्रतिविषाचा फायदा दिसला नव्हता, तर २००९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात अत्यवस्थ मुलांमध्ये तो ठळकपणे दिसला होता. प्रत्येक देशाचा विंचू वेगळा, विष वेगळं, आणि रुग्ण किती तासांनी पोचतो तेही वेगळं. आपल्या लाल विंचवासाठी कुणीतरी नीट तुलना करायला हवी होती.

ती महाडमध्ये झाली. बावस्कर दांपत्याने आपल्या महाडच्या रुग्णालयात ७० रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि हाफकिनचं प्रतिविष. कोणाला काय, हे चिठ्ठीने ठरलेलं. १० तासांनंतर दुहेरी उपचार मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे झालेले होते. नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी ८. हे निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले.

मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. एका बाजूला रात्री जागून रुग्णाकडून शिकलेला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पिंपरीच्या पागेत महिनोन् महिने विष शिकलेला घोडा. दोघांचं शिक्षण महाडच्या एका खाटेवर एकत्र आलं. गोळी विषाने घातलेला गोंधळ आवरते, प्रतिविष रक्तात फिरणारं विषच पकडतं. दोन्ही लागतात. एकट्या माणसाच्या हुशारीने जे तास वाचले नसते, ते घोड्याने वाचवले.

घोडा आणि उपचार म्हटलं की आता अनेकांच्या डोळ्यांपुढे वेगळं चित्र येतं. अपंग किंवा स्वमग्न मुलं घोड्यावर बसून तोल, बोलणं, आत्मविश्वास शिकतात, ते चित्र. त्याची चळवळ झाली ती डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांच्यामुळे. १९४४ मध्ये पोलिओने त्यांचे गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत लागायची. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, जिथे अश्वचालनाच्या त्या स्पर्धेत स्त्रियांना आणि सैन्याधिकारी नसलेल्यांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला होता, त्यांनी ज्युबिली नावाच्या घोडीवर रौप्यपदक मिळवलं. १९६९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे अशा उपचारांच्या राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला आयुष्यभर लोक वरून खाली पाहतात. घोड्यावर बसल्यावर तो पहिल्यांदा लोकांना वरून पाहतो. कोण घोड्यावर बसू शकतो आणि कोण नाही, हे जिथे शतकानुशतकं जातीने ठरवलं, त्या देशात, आणि त्यातही १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या महाडमध्ये, या गोष्टीचं महत्त्व समजावून सांगायला नको. आपल्या भागात हे उपचार सुरू व्हावेत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. आपल्याच जिल्ह्यात, माथेरानला, घोडे सांभाळण्याचं पिढीजात ज्ञान असलेली कुटुंबं आहेत.

त्या उपचारांत नातं डोळ्यांना दिसतं. मूल घोड्याच्या मानेला मिठी मारतं, घोडा त्याच्या चालीप्रमाणे पाऊल टाकतो. पिंपरीचा घोडा आणि उमरठचा रुग्ण एकमेकांना कधीच पाहत नाहीत. उपकार करणाऱ्याला आपण काय केलं ते माहीत नाही, आणि ज्याच्यावर उपकार झाले त्याला कुणाचे आभार मानायचे ते ठाऊक नाही. म्हणून हे नातं जपण्याची जबाबदारी मधल्या माणसांवर, म्हणजे संस्थेवर, मोतद्दारांवर, पशुवैद्यांवर आणि आपल्यासारख्या लाभार्थींवर येते.

घोड्यांना याचा त्रास होतो, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. टोचलेल्या जागी गळवं येतात, काही विषांनी मांस सडतं, वारंवार रक्त काढल्याने घोडा खंगू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये प्रतिविषाच्या उत्पादनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात जनावरांची निगा हा स्वतंत्र विषय आहे. विष कुठे आणि किती टोचायचं, दोन वेळांमध्ये किती विश्रांती द्यायची, घोडा कधी निवृत्त करायचा, हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे आणि काम संपलेल्या प्राण्याची पुढची काळजी घेण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर आहे. प्रतिविषाची किंमत ठरवताना या निगेचा खर्च धरलाच पाहिजे. कुपी स्वस्त हवी म्हणून घोड्याच्या चंदीत काटकसर झाली तर ती शेवटी रुग्णालाच भोवते.

प्रतिविषाची गरज इतक्यात संपणारी नाही. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. शिवाय विष प्रदेशागणिक बदलतं. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं सापाचं विष तमिळनाडूतल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि तिकडच्या सापाचं विष शिकलेल्या घोड्याचं रक्तजल इकडच्या सापावर तितकंच चालेल याची खात्री नसते. आपल्या भागातल्या विषावर घोडे तयार करावेत, ही अभ्यासकांची मागणी रास्त आहे.

दुसरीकडे घोड्याशिवाय प्रतिपिंडं बनवण्याचे प्रयत्नही जोरात आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून नाग-मण्यारीच्या कुळातल्या अनेक सापांच्या एका विषारी घटकावर चालणारं, प्रयोगशाळेत घडवलेलं प्रतिपिंड २०२४ मध्ये जाहीर केलं. ते अजून रुग्णापर्यंत पोचायचं आहे. पोचेल तेव्हा घोड्यांची सुटका होईल आणि ती व्हावीच. पण त्याआधी एक काम करण्याजोगं आहे. परळच्या संस्थेत संग्रहालय आहे. तिथे हाफकिन यांच्या लशीच्या जोडीला पिंपरीच्या पागेची एक नोंद लागावी. घोड्याचा क्रमांक किंवा नाव, कोणतं विष तो शिकला, किती वर्षं त्याने रक्त दिलं आणि त्याला सांभाळणारा मोतद्दार कोण. आणि तिची एक प्रत महाडला आणि एक पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात भिंतीवर लावायला मिळावी.